दार उघडं ठेवा

"मामा, आपण इंग्लिश आहोत का?"

माझी सहा वर्षांची भाची स्कूलबसमधून उतरली ती हा प्रश्न घेऊनच. बसमध्ये कोणीतरी म्हणालं होतं, 'तुम्ही ख्रिश्चन, म्हणजे इंग्लिश. मग घरी मराठी का बोलता?' मोशीतल्या आमच्या घरात इंग्रजी ऐकू येते ती फक्त माझ्या ऑफिसच्या कॉलवर. आजोबा नगरहून पिंपरीच्या कारखान्यात आले, दाजी चाकणला शिफ्ट करतात.

ताई म्हणाली, "शाळेत हा विषय काढायचाच नाही." ऑफिसमधल्या मित्राने सुधारित सल्ला दिला, "लहान मुलांना धर्म सांगूच नये. अठराची झाली की ठरवेल."

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. मित्राचा जास्तच, कारण तो दिसतो पुरोगामी. त्याच्या मुलाला घरी कोणी काही सांगितलं नाही तरी सोसायटीतला मांडव सांगतो, शाळेची सुट्टी सांगते. माझ्या भाचीला रस्ता वेगळंच सांगतो: तू बाहेरची. अल्पसंख्य घरातलं मौन तटस्थ नसतं. आपण गप्प बसलो की आपलं मूल कोण आहे, हे बसमधलं दुसरं मूल ठरवतं.

म्हणून मी तिला सांगितलं, की नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ मध्ये. आपण चर्चमध्ये गातो त्यातली कितीतरी गाणी ना. वा. टिळकांची आहेत. तेही मराठीच, आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तिला सालं कळली नाहीत. 'आपली गाणी मराठी माणसानं लिहिली' एवढं कळलं.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती. तिला धर्मातलं काय शिकवायचं, यावरून त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून भांडल्या. चर्चचा प्रत्येक सिद्धान्त त्यांना पटला नव्हता आणि स्वतःला न पटलेलं मुलीच्या तोंडी घालू द्यायला त्या तयार नव्हत्या. पुढे पुण्यात, शारदा सदनात, मनोरमेबरोबर प्रार्थना करताना त्या खोलीचं दार उघडं ठेवत. इतर मुली येऊन बसू लागल्या, गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. दुसऱ्यांच्या लेकींबद्दलचा तो आक्षेप मला समजतो. पण स्वतःच्या लेकीशी स्वतःच्या देवाबद्दल बोलायचं, त्यात चोरी कसली?

आता आमच्या लोकांकडे वळतो. बोलायचं म्हणजे पाठ करून घ्यायचं, अशी आमची समजूत. वचन म्हटलं की बक्षीस, प्रश्न विचारला की डोळे वटारायचे. मागच्या वर्षी आजोबा गेले. घरातलं कोणीतरी भाचीला म्हणालं, "देवाला आवडले म्हणून त्यानं नेलं." त्या रात्री तिनं प्रार्थना केली नाही. का, विचारल्यावर म्हणाली, "मला देवाला आवडायचं नाहीये."

सहा वर्षांच्या मुलीनं आमच्या तयार उत्तरातली चूक एका दिवसात पकडली. ऑफिसात असा बग सापडला तर आम्ही आधी मान्य करतो, की चुकलं. घरात मात्र तेच उत्तर जरा मोठ्या आवाजात देतो.

मी तिला म्हणालो, "आजोबा आत्ताच का गेले, मला माहीत नाही. ते खूप आजारी होते. आपण मानतो की ते देवाजवळ आहेत. मलाही कधी कधी शंका येते." तिनं बराच विचार केला.

"येशूला कधी रडू आलं होतं?"

"हो. त्याचा मित्र गेला, तेव्हा."

मग ती झोपली.

एवढंच म्हणणं आहे. मुलांना श्रद्धा सांगा, आपल्या शंकाही सांगा. मोठी झाल्यावर 'नाही' म्हणायचा हक्क त्यांना आहे, हेही आजच सांगून टाका. त्यासाठी अठराव्या वाढदिवसाची वाट बघू नका.

ताई अजून घाबरते. तिची भीती खोटी नाही, बातम्या मीही वाचतो. पण भीतीनं दार लावून घेतलं, तर आतलं मूल सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकतं: आपल्या घरात लपवण्यासारखं काहीतरी आहे.