वेळेचे ठोके

पुण्याच्या रविवार पेठेत तांब्या-पितळेच्या भांड्यांचे एक जुने दुकान आहे. दुकानाच्या वर मालकांचे घर. ऐंशी ओलांडलेले शेठजी सकाळी प्रादेशिक बातम्यांची वेळ झाली की घरातले सगळे दिवे मालवतात, मोबाइलचे चार्जर भिंतीवरून काढून ठेवतात आणि अंधारात रेडिओजवळ बसतात. नव्या सुनेला प्रथम ही काही व्रताची रीत वाटली होती. कारण अगदी व्यावहारिक आहे. एलईडी दिवे आणि चार्जर यांच्यामुळे मध्यम लहरींवर सतत गुणगुण उमटते आणि पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्‌झवरचा निवेदकाचा आवाज तिच्यात बुडून जातो.

पुणे केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी. शेठजी तेव्हा शाळकरी होते. वडिलांनी घेतलेल्या मर्फीच्या संचाला तापायला अर्धे मिनिट लागे. मग आधी तबकडी उजळे आणि मागाहून आवाज येई. गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत तारेच्या जाळीची एरियल बांधलेली असे. रेडिओ घरी ठेवायला परवाना लागत असे, त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे आणि वडील ती पावती दुकानाच्या वहीइतकीच जपून ठेवत. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत ऐकायला शुक्रवारी सकाळी शेजारपाजारची मंडळी वहाणा जिन्याखाली काढून वर येत. त्या एका वर्षाबद्दल शेठजी बोलू लागले की गिऱ्हाईक ताटकळते. मुलाची ही तक्रार जुनीच आहे.

बुधवारची रात्र मात्र सिलोनची. १९५२ नंतर आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव झाला, आणि सारा देश कोलंबोकडे कान लावून बसला. घरात सूर्यास्तापूर्वीच जेवणे आटोपत, त्यामुळे रात्री आठ वाजता अमीन सयानींच्या गीतमालेला सगळे मोकळे असत. लघुलहरींवरचा तो आवाज मधूनच विरे, पुन्हा भरून येई. ते चढउतारही कार्यक्रमाचाच भाग वाटावेत इतके अंगवळणी पडले होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली आणि गाणी घरी परतली. १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर येथे तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. दुकानाचे नाव घरोघर बोलून दाखवता येते, हे पेठेतल्या व्यापाऱ्यांना तेव्हा उमगले. शेठजींच्या वडिलांना मात्र हा खर्च उधळपट्टी वाटला. त्यांनी जाहिरात दिली नाही, याची हळहळ शेठजींना अजून आहे.

आज दुकानात दिवसभर विविध भारती लागते, एफएमवर १०१ ला. हा हक्क त्यांनी सहज मिळवलेला नाही. दुकानातल्या पोरांना खासगी वाहिन्या हव्या असतात; शेठजींचे म्हणणे असे की तिथे तीच दहा गाणी दिवसभर घोळवतात आणि निवेदक श्वास घ्यायला विसरतात. अखेर दुपारी दोन तास पोरांचे, बाकी वेळ मालकांचा, असा तह झाला. विद्यापीठाची विद्यावाणी, १०७.४, हा शेठजींचा नवा शोध. तिथली मुले अडखळतात, पण वाचून आलेली असतात, असे ते कौतुकाने सांगतात. सामुदायिक केंद्राचा पल्ला थोडका, म्हणून मुलाच्या उपनगरातल्या घरी गेले की ती लागत नाही. मुक्काम लवकर आटोपण्याचे ते एक न सांगितलेले कारण.

जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. शेठजी चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी त्यांनी पेढीच्या कागदावर पत्र लिहिले आणि शेजारच्या अकरा दुकानदारांच्या सह्या घेतल्या. त्यांतले निम्मे बातम्या ऐकतही नव्हते, पण शेठजींना नाही कोण म्हणणार! शहरात बराच विरोध झाला आणि आदेशाला स्थगिती मिळाली. पत्र पोचले की नाही, याची पोच त्यांना आली नाही. त्याची प्रत आजही गल्ल्यात आहे.

नातवाने यंदा मोबाइलवर आकाशवाणीचे ॲप घालून दिले. “दादाजी, आता दिवे मालवायला नकोत. आवाज बघा किती स्वच्छ आहे!” शेठजींनी मन लावून ऐकले. आवाज खरोखर स्वच्छ होता, त्यांनी तसे कबूलही केले. मग त्यांनी जुना संच लावला. संचातून वेळेचे ठोके पडले. मोबाइलमधून तेच ठोके बऱ्याच अवकाशाने आले. भिंतीवरचे घड्याळ ते पन्नास वर्षे या ठोक्यांवर लावत आले आहेत.

“अरे, हा वेळ सांगतो, पण उशिरा,” शेठजी म्हणाले.

नातू हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांच्या आधी उठून त्यानेच दिवे मालवले, आपला चार्जर काढला आणि खुर्ची ओढून घड्याळाची किल्ली हातात घेऊन बसला.