चालतंय ना, मग कशाला उघडायचं?

मुलाच्या घरी कॉव्हेंट्रीला गेलो की पहिले दोन दिवस माझी खातिरदारी होते आणि तिसऱ्या दिवसापासून मला कामाला जुंपले जाते. मागच्या खेपेला काम मिळाले ते बॅटरी धरून उभे राहण्याचे. घरामागच्या लाकडी खोपटात चिरंजीवांची १९७८ सालची ट्रायम्फ बॉनव्हिल उभी असते. तिचे पोट उघडायचे होते.

ही मोटारसायकल तिथून काही मैलांवरच्या मेरिडन गावात बनलेली. १९७३ मध्ये मालकांनी तो कारखाना बंद करायचे ठरवले तेव्हा कामगारांनी फाटकात ठाण मांडले आणि १९७५ मध्ये सुमारे ५० लाख पौंडांच्या सरकारी साहाय्यावर त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. १९८३ मध्ये तीही बुडाली. आज त्या जागी घरे आहेत. पण गाड्या मात्र अजून धावतात. ज्या कारखान्याचे कर्ज बुडीत खात्यात गेले त्याचा माल शाबूत, हे पाहून माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्याला जरा गंमत वाटते.

प्रश्न नातीमुळे निघाला. ती अकरा वर्षांची झाली, तिचे पाय मागच्या पायटांवर टेकू लागले आणि तिने बापामागे बसून फिरायला जायचा हट्ट धरला. सूनबाईंनी एकच विचारले, "मागचा ब्रेक शेवटचा कधी उघडून बघितला होतास?" चिरंजीव म्हणाले, "उघडायला काय झालंय? चालतोय की!" मीही मान डोलावली. आम्ही बापलेक या बाबतीत एकाच मातीचे.

सूनबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त पेडल पायाने दाबून धरायला सांगितले. आधी ते टणक लागले. मग वीस-पंचवीस सेकंदांत, अगदी सावकाश, पायाखालून खाली जाऊ लागले. खाली वाकून पाहिले तर मास्टर सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल होती आणि त्या ओलीने चौकटीचा रंग सोलून निघाला होता. ब्रेक लागत होता, हे खरे. पण तो आतून सुटत चालला होता, हेही तितकेच खरे.

मास्टर सिलिंडर म्हणजे दोन बोटांएवढी एक नळी. तिच्यात दट्ट्या, स्प्रिंग आणि रबराच्या दोन वाट्या. आपण पेडल दाबतो, दट्ट्या पुढे सरकतो, आतले तेल दाबले जाते आणि तोच दाब नळीवाटे चाकाजवळ पोहोचून तबकडीला दोन बाजूंनी चिमटा घेतो. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ केला आणि विसरलो. एवढी मोठी गाडी थांबते ती त्या नियमावर आणि रुपयाच्या नाण्याहून लहान अशा एका रबरी वाटीच्या कडेवर. ती कड झिजली की तेल मागे निसटते आणि पास्कलचा नाइलाज होतो.

रबराला वय असते, ही गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. लोखंड गंजताना दिसते, लाकूड पोखरताना भुगा पडतो, पण रबर अंधारात बसून गुपचूप म्हातारे होते. ब्रेकचे तेलही तसेच. ते हवेतली ओल शोषून घेते. आपण 'डॉट ४' म्हणून जे तेल वापरतो, ते ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवे, असा दंडक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हाच किमान आकडा १५५ वर येतो. लांब उतारावर ब्रेक तापले आणि हे तेल उकळले तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे नेत नाही. पेडल रिकामे जाते. आणि हे कळते ते नेमके उतारावरच.

आम्ही सिलिंडर उतरवला. रबरी टोपी काढली, आतली कडी चिमट्याने सोडवली, तसा दट्ट्या काळ्या चिखलासह बाहेर आला. रबराची कड गोलाई हरवून बसली होती. नवा संच स्वस्तात मिळतो, तो आणलेलाच होता. पण नळी पुसून आत बॅटरीचा झोत टाकला तेव्हा तळाशी गंजाने खाल्लेले तीन-चार खड्डे दिसले. नखाला लागतील एवढे.

"बारीक पॉलिश पेपर मारून बघ," मी म्हणालो. "थोडक्यात भागेल."

"बाबा, खड्डा घासून जात नाही," तो म्हणाला. "भोक तेवढं मोठं होतं. नवी वाटी चार महिन्यांत पुन्हा फाटेल."

माझी बोलतीच बंद झाली, कारण हे मला त्याच्या जन्माआधीपासून ठाऊक होते. फिरणार नाही अशा कर्जाला मुदतवाढ द्यायची, जुने व्याज नव्या कर्जातून भरून घ्यायचे आणि खाते कागदावर जिवंत ठेवायचे, हा पॉलिश पेपरच. मी स्वतः तो एक-दोनदा मारलेला आहे. सह्या माझ्याच होत्या.

शेवटी सिलिंडर एका कारागिराकडे गेला. त्याने आतून भोक वाढवून त्यात स्टेनलेस स्टीलची नळी बसवून दिली. बाहेरचे अंग जुनेच, फक्त आतला घासला जाणारा भाग नवा. दहा दिवस लागले. मला दुरुस्तीची याहून चांगली व्याख्या सुचत नाही. जे शाबूत आहे ते ठेवायचे, जे संपले आहे ते संपले म्हणायचे, आणि दोहोंतला फरक नखाने तपासून ठरवायचा. सगळेच फेकून देणारा उधळ्या असतो आणि काहीच न फेकणारा कंजूष. दुरुस्ती करणारा या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो.

जोडणीच्या वेळी शिस्त फार. पेट्रोल किंवा रॉकेलने धुवायचे नाही, त्याने ही रबरे फुगतात. ताज्या ब्रेकतेलात बोटे बुडवून वाट्या बसवायच्या, त्यांची कड दाबाच्या दिशेला हवी, उलटी बसली तर सारे व्यर्थ. तेलाच्या टाकीतून खाली येणारे सुईएवढे छिद्र मोकळे आहे ना, हे दोनदा पाहायचे. आणि पेडल मोकळे असताना दांडी दट्ट्याला चिकटून राहता कामा नये, मध्ये किंचित सैलपणा हवा. तो नसेल तर ते छिद्र कायम झाकलेले राहते, तापलेल्या तेलाला मागे यायला वाट उरत नाही आणि ब्रेक आपोआप धरून बसतो. घट्ट म्हणजे सुरक्षित, हा आपला समज इथे साफ खोटा ठरतो.

नळीतली हवा काढायचे काम नातीकडे होते. बाप म्हणे, "दाब. धरून ठेव." मग तो चाकाजवळचे निपल सैल करी, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत येत, निपल आवळले की तो म्हणे, "सोड." तासाभराने बुडबुडे थांबले आणि तिच्या पायाखालचे पेडल दगडासारखे झाले. ज्यावर आपला जीव भरवशाने सोडायचा तो ब्रेक आतून कसा असतो, हे अकराव्या वर्षी तिला समजले. मला ते साठीनंतर समजले.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, फारशा न बदललेल्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. गाडी ठीक ठेवण्याची जबाबदारी अर्थात मालकाची. बँकेच्या भाषेत, या शाखेचे इन्स्पेक्शन बंद झाले आहे. इन्स्पेक्टर येणार नाही हे कळल्यावर शाखेत काय होते, ते मी सांगायला नको. म्हणूनच चिरंजीवांनी पैसे भरून, आपणहून ती तपासणी करवून घेतली. स्वतःच्या कामावर दुसऱ्याची नजर हवी, हे त्याने कुठून उचलले कोण जाणे. माझ्याकडून नसावे.

यावर कोणी म्हणेल, हे शौकिनांचे चोचले आहेत, आणि ब्रेकसारख्या गोष्टीत अर्धवट माहितीने हात घालणे धोक्याचे. दुसरे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ज्याला येत नाही त्याने जाणत्याकडे जावे. पण जायचे की नाही, हे ठरवण्यासाठी आधी पेडल दाबून धरावे लागते. तेवढे कोणालाही येते. आमच्या घरात सुचले ते एकट्या सूनबाईंना, आणि त्यांना गाडी चालवताही येत नाही.

पुण्याला परतल्यावर मी स्वयंपाकघरात शिरलो. गॅसच्या नळीवर छापलेली मुदत दोन वर्षांपूर्वी उलटून गेली होती. कुकरची गॅस्केट कडक झाली होती आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह शेवटचा कधी बदलला, हे आम्हा दोघांपैकी कोणालाच सांगता येईना. रोज शिट्ट्या होत होत्या, रोज वरण शिजत होते.

"चालतंय ना, मग कशाला उघडताय?" सौभाग्यवती म्हणाल्या.

मी पिशवी घेतली आणि बाजारात गेलो.