भातशेतींतील अदृश्य सेवक

भात पिकवावयाचें तर खत पाहिजे, हें लहान मूलही जाणतें. परंतु खत म्हणजे बाजारांतून आणावयाची गोणी, अशी जी समजूत आज दृढ झाली आहे, ती कितपत योग्य आहे याचा विचार सुज्ञ पालकांनीं व विद्यार्थिवर्गानें अवश्य केला पाहिजे.

भाताच्या वाढीस नत्र लागतें. हवेचा सुमारें ७८ टक्के भाग नत्रच आहे. तथापि समुद्रांत राहून तहानेनें व्याकुळ होणाऱ्या मनुष्याप्रमाणें भाताचें रोप या नत्रसागरांत उपाशी राहतें. कारण वायुरूप नत्र त्यास पचत नाहीं. १९०९ सालीं हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें मोठी उष्णता व दाब यांच्या साहाय्यानें हवेंतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला. आजचा युरिया हें त्याच विद्येचें फळ होय. परंतु ज्या कार्यास कारखान्यांत एवढें इंधन लागतें, तेंच कार्य जमिनींतील कांहीं जीवाणू मुकाट्यानें करीत असतात.

भातखाचरांतील पाण्यावर जो निळसर-हिरवा थर येतो, त्यास आपण शेवाळ म्हणून हिणवितों. शास्त्रज्ञ मात्र त्याची गणना जीवाणूंत करितात. फारसें खत न घालतांही भाताच्या जमिनी वर्षानुवर्षें पीक कशा देतात, या कोड्याचा उलगडा पी. के. डे या भारतीय संशोधकानें १९३९ सालीं केला. हें शेवाळ हवेंतील नत्र बांधून खाचरास देतें, असें त्यांनीं दाखवून दिलें.

हें खत घरींही तयार करितां येतें. उन्हाळ्यांत पाणी न झिरपणाऱ्या उथळ खड्ड्यांत माती, पाणी व थोडें सुपरफॉस्फेट घालून त्यावर शेवाळाचें विरजण टाकिलें, म्हणजे दोनतीन आठवड्यांत जाड थर जमतो. तो वाळवून ठेवावा आणि लावणीनंतर आठवड्यानें हेक्टरीं १० किलो या प्रमाणांत पाण्यावर फेकावा.

येथें कोणी म्हणेल, "मग युरिया अजिबात सोडावा काय?" तसें आमचें म्हणणें नाहीं. या शेवाळापासून हंगामांत हेक्टरीं सुमारें २० ते ३० किलो नत्र मिळतें. अधिक उत्पन्न देणाऱ्या जातींस तेवढें पुरत नाहीं. जीवाणूंच्या पुड्यांनीं सर्वच भागेल असें सांगणारा विक्रेता गरीब शेतकऱ्याची दिशाभूल करितो. परंतु युरियाचा अतिरेक केल्यास हे सेवक आळसावतात, हेंही तितकेंच खरें. म्हणून दोहोंचा मेळ घालावा, व प्रथम एकाच खाचरांत अनुभव घेऊन मग पुढें जावें, हेंच शहाणपणाचें.

आपल्या कोंकणांत रोपांसाठीं राब भाजतात. त्यानें तण मरतें व जमीन भुसभुशीत होते, हें खरें. परंतु शेण व पालापाचोळा यांतील बहुतेक नत्र धुराबरोबर उडून जातें. एका हातानें नत्र जाळावें आणि दुसऱ्या हातानें तेंच विकत घ्यावें, हा व्यवहार कोणत्या गणितांत बसतो?

प्रभु येशूनें स्वर्गाच्या राज्यास खमिराची उपमा दिली. चिमूटभर खमीर दिसत नाहीं, पण सर्व पीठ फुगवितें. मातींतील हे जीव तसेच आहेत. विद्यार्थिबंधुभगिनींनो, पुस्तकांत वाचलेलें हें ज्ञान या पावसाळ्यांत वडिलांच्या बांधावर न्या. जमीन ही निर्जीव माती नसून सजीव ठेव आहे, आणि ती पुढील पिढीच्या हातीं सुपीक स्थितींत देणें हें आपलें कर्तव्य आहे.