नर पिलांचे काय करणार?

कॅव्हियार म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली गाभोळी. कायद्याने विकली जाणारी ही गाभोळी आज जवळजवळ सगळी पाळलेल्या माशांची असते. अडचण अशी, की पैदाशीत निम्मे नर निघतात आणि बाहेरून नर-मादी ओळखू येत नाही. सायबेरियन स्टर्जनची मादी तलावात सात-आठ वर्षांनी गाभोळी धरते, बेलुगा जातीच्या स्टर्जनची त्याच्या दुपटीने. त्यामुळे तीन-चार वर्षे सगळ्यांनाच खाऊ घालायचे, मग अल्ट्रासाउंड लावून नर वेगळे काढून मांसासाठी विकायचे, ही रीत पडली.

खरे तर नर की मादी हे कधीच ठरलेले असते. सायबेरियन स्टर्जनचे पिलू काही महिन्यांचे असतानाच त्याच्या पोटातल्या दोन बारीक पट्ट्यांत, म्हणजे बीजग्रंथींत, फरक दिसू लागतो. अंडाशय होणार असेल तर पट्टीला खाचा पडतात, वृषण होणार असेल तर ती गुळगुळीत राहते. त्याही आधी जनुकांनी आपली वाट धरलेली असते. २०२१मध्ये संशोधकांनी स्टर्जनच्या जनुकसंचात फक्त मादीत आढळणारा एक तुकडा शोधला. तो सुमारे १८ कोटी वर्षे टिकून आहे. आता अनेक जातींत पिलाच्या परातला कणभर तुकडा तपासला तरी मादी ओळखता येते.

हा शोध मोलाचा आहे, म्हणूनच त्याचा वापर कशासाठी होतो याची काळजी वाटते. केवळ खाद्य वाचवण्यासाठी नर पिले टाकून दिली, तर पाळीव कळपातला वंशवैविध्याचा साठा आटेल. नदीत पुन्हा सोडायच्या पिलांना बाप लागतो, आणि तोही एकाच घराण्यातला असून चालत नाही. वोल्गा नदीवरच्या वोल्गोग्राडच्या धरणाने बेलुगाची अंडी घालायला वर जाण्याची वाट अडवली. तेव्हापासून वोल्गेतल्या बेलुगाची भिस्त मुख्यतः मत्स्यबीज केंद्रांवर आहे. अशा केंद्रांना नेमके किती नर आणि किती माद्या सांभाळायच्या, हे आता पहिल्याच वर्षी ठरवता येईल. ज्या देशांत हा धंदा चालतो, त्यांच्या सरकारांनी दुर्मीळ जातींचे नर राखण्याची अट परवान्यातच घालावी. कारण आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या २०२२च्या पाहणीनुसार स्टर्जन आणि त्याच्या जवळच्या नात्यातल्या पॅडलफिशच्या उरलेल्या सर्व २६ जाती धोक्यात आहेत.