पिकअपचे स्टेअरिंग ढिले का होते?

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजाराकडे निघालेल्या जुन्या पिकअपगाड्या जरा निरखून पाहा. रस्ता सरळ असतो, पण चालकाचे हात सारखे डावी-उजवीकडे हलत असतात. विचारले तर म्हणतो, "गाडीची सवय झालीय." वाचकहो, ही सवय नव्हे, पुढच्या सांध्यांची झीज आहे. आणि हीच गाडी रात्री भरल्या क्रेटांनिशी माळशेज घाट उतरते. टाय रॉडचा सांधा निसटला, तर पुढची दोन चाके दोन दिशांना तोंडे करतात. मग हातातले स्टेअरिंग काहीच कामाचे राहत नाही.

ज्या जुन्या पिकअपला पुढे अखंड आख आणि पाटे आहेत, तिची रचना साधी असते. स्टेअरिंग बॉक्सखालचा ड्रॉप आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो, ड्रॅग लिंक एका चाकाला वळवते आणि टाय रॉड दुसऱ्या चाकाला सोबत नेतो. या दांड्यांच्या टोकांना वाटीत बसवलेला पोलादी गोळा असतो. वरचे रबर फाटले की शेतरस्त्याची धूळ-चिखल आत शिरतो, ग्रीस वाळते आणि गोळा वाटीत खुळखुळू लागतो. बैलगाडीच्या साटीखाली वंगणाचे नळकांडे टांगणाऱ्या आपल्या आजोबांना हे सांगावे लागले नसते!

दोष कुठे आहे ते आधी शोधावे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, मागच्या चाकांना दगड लावावेत. घरातल्या कोणाला तरी स्टेअरिंग थोडे थोडे इकडे-तिकडे हलवायला सांगावे आणि आपण खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहावे. दांडी हलते पण तिच्यापुढचा भाग उशिरा हलतो, तो सांधा गेला. नंतर पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिन आणि बुश झिजले. किंग पिनचे काम मात्र घरी करू नये. बुश प्रेसने बसवून रीमरने मापात आणावे लागतात.

टाय रॉड एंड बदलणे हाताला सवय असलेल्याला जमते. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नये. आखाखाली मजबूत घोडी लावावी. जुना एंड काढण्यापूर्वी दोन्ही टोकांमधले अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे आणि एंड किती आट्यांनी बाहेर येतो तेही मोजावे. एका टोकाला उलटे आटे असतात, तेव्हा उगाच जोर लावू नये. स्प्लिट पिन काढून नट सैल करावा. मग आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड घण टेकवून दुसऱ्या बाजूने हातोडा मारावा, गोळ्याची खुंटी सुटते. पुलर मिळाला तर फारच उत्तम. आटे असलेल्या टोकावर ठोकू नये, आणि गॅसने आर्म तापवू तर मुळीच नये. पोलादाची ताकद जाते. वाकलेला रॉड तापवून सरळ करून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला दुरूनच नमस्कार करावा.

नवा एंड मोजलेल्या आट्यांइतकाच आत घालावा. नट आवळताना पिनचे भोक जुळले नाही तर नट मागे फिरवू नये, पुढची खाच येईपर्यंत आणखी आवळावा. स्प्लिट पिन नवीच घालावी. दोन-चार रुपयांच्या जुन्या पिनवर सारे कुटुंब बसवण्यात काय शहाणपण? एक एंड गेला असेल तर दुसराही त्याच वयाचा असतो, म्हणून जोडीनेच बदलावेत. सुट्या, खोक्याविना मिळणाऱ्या मालाच्या नादी लागू नये. चांगल्या एंडचा खर्च टायरपुढे काहीच नाही, आणि चाके वाकडी चालली की नवे टायरही एकाच कडेने कुरतडल्यासारखे होतात.

काही ठिकाणी स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून ढिलाई "घालवून" देतात. त्याने झिजलेला सांधा दडतो आणि उलट स्टेअरिंग अडकू लागते. सांधे बदलूनही खेळ उरला, तरच बॉक्सला हात लावावा.

काम झाल्यावर निपल असतील तिथे नवे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरावे. मग सावकाश चालवत तालुक्याला नेऊन अलाइनमेंट करून घ्यावे. टेपचे माप तिथवर पोहोचण्यापुरतेच असते. पहिली मालाची फेरी करून आल्यावर पुन्हा खाली वाकून सगळे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पाहावेत. यू-बोल्ट सैल असतील तर नवे एंड घालूनही गाडी ओढतच राहील.