लाल परीला कुलूप लावणाऱ्या चॅनेलमालकांस खुले पत्र

प्रति,
चॅनेलमालक साहेब
(नाव छापत नाही. बसच्या गेमसाठी एसटीचे 'पेड मॉड' (गेममध्ये घालायच्या विकतच्या गाड्या) घेणाऱ्या प्रत्येक पोराला ते पाठ आहे.)

विषय : फुकट दिलेली एसटी 179 रुपयांना विकण्याबाबत.

महोदय,

तुम्हाला मेल केले, टेलिग्रामवर लिहिलं. उत्तर म्हणून तुम्ही मला ग्रुपमधून काढलंत. एवढ्या तत्परतेबद्दल आभारी आहे.

मुद्दा एकच. गेममधल्या लाल परीची, म्हणजे एसटीची, जी लिव्हरी (रंगसाज) मी सगळ्यांसाठी फुकट सोडली, तिला पासवर्ड लावून तुम्ही ती विकता. दरपत्रक तुमचंच : गाडी 149, लिव्हरी 30, हॉर्न 20, तिन्हींचा 'कॉम्बो' 179. म्हणजे 20 रुपयांची सवलत, तीही दुसऱ्यांच्या मालावर. शंभर पोरांनी घेतला की झाले 17,900. फोन बदलला की पासवर्ड चालत नाही, मग पुन्हा 49. आणि घेणारे कोण? आठवी-नववीतली पोरं, आईच्या फोनवरून क्यूआर स्कॅन करणारी.

आता मालाचा हिशेब लावू. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा गेम मलेओ कंपनीचा. 2017 साली तो आला, फुकट मिळतो, आणि त्यात आपली गाडी, आपला रंग घालायची सोय त्यांनीच दिली. बसचा सांगाडा केरळातल्या एका मुलाचा, 'विकू नये' अशी अट घालून दिलेला. लाल रंग आणि बोधचिन्ह एसटी महामंडळाचं, म्हणजे अवघ्या महाराष्ट्राचं. 'संकटकालीन मार्ग' ही अक्षरं, चिकलठाणा कार्यशाळेतल्या गाड्यांची ती एमएच 20 बीएल नंबरप्लेट, मागच्या पत्र्यावरचा चिखल, हे सगळं मी आमच्या चौकात थांबणाऱ्या गाड्यांचे फोटो काढून रात्री जागून रंगवलं. यात तुमचं काय? पासवर्ड.

बरं, चोरीलाही थोडी मेहनत लागते. तुमच्या 'कोल्हापूर स्पेशल' गाडीवर पाटी अजून माझीच, 'बीड-अंबाजोगाई, मार्गे मांजरसुंबा, केज' हीच आहे! पंचगंगेकाठच्या पोराने 179 रुपये मोजून केजला का जावं, हे त्याला एकदा समजावून सांगा.

कष्टाचे पैसे घ्यायला माझा विरोध नाही. ज्याने चाकापासून टपापर्यंत गाडी स्वतः बनवली, त्याने खुशाल मागावेत. पटेल तो देईल. पण तोही सौदा सोपा नसतो. व्हॉल्व्ह कंपनीने 23 एप्रिल 2015 ला 'स्कायरिम' या गेमचे मॉड विकायला काढले, तर खेळणारे इतके खवळले की 27 एप्रिलला दुकान गुंडाळून पैसे परत करावे लागले. तिथं निदान बनवणाऱ्याला 25 टक्के ठेवले होते. माझे किती धरलेत? 'द सिम्स 4' या गेमबद्दल ईए कंपनीने 2022 मध्ये ठरवलं की पैसे देणाऱ्यांना मॉड काही काळ आधी द्या हवं तर, पण नंतर ते सगळ्यांना फुकट खुलं झालंच पाहिजे. हा मधला मार्ग मी तुम्हालाही सुचवला होता. तुम्ही मात्र जणू कपिलधारच्या यात्रेत महाप्रसादाच्या दारातच गल्ला मांडून बसलात.

आठ दिवसांत पासवर्ड काढा. केरळच्या त्या मुलाचं नाव गाडीखाली लावा. पोरांचे पैसे परत करा. माझे मागत नाही, कारण मी ते कधी लावलेच नव्हते.

जमणार नसेल तर तेही ठीक. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राची नोंदणी नसली तरी हक्क चित्र काढणाऱ्याचा असतो, आणि मूळ फाइली तारखांसकट माझ्याकडे आहेत. यूट्यूबवर 90 दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक बसले की चॅनेल बंद होऊ शकतं. माझ्या गाडीचे तुमचे व्हिडिओ सहा आहेत.

आपला (सध्या तरी) नम्र,
मांजरसुंब्याचा एक मॉडर
ता. जि. बीड