परळची तिसरी घंटा

2023 मध्ये मुंबईच्या नाट्यजीवनात दोन घटना घडल्या. वांद्रे-कुर्ला संकुलात दोन हजार आसनांचे झगमगते प्रेक्षागृह उघडले आणि परळचे दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले. पहिलीचे सोहळे झाले. दुसरीची हळहळ मुख्यतः गिरणगावाला.

नारायण मल्हार जोशींनी 1911 मध्ये स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने 1922 मध्ये हे नाट्यगृह उभारले. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार इथे चेहऱ्याला रंग लावून उभा राही. कोकणातल्या मंडळांचे नमन, शक्ती-तुरा, दशावतार यांना शहरात हक्काची जागा होती ती हीच. हिशेब साधा असे: भाडे झेपणारे आणि खेळ सुटल्यावर लोकल चालत गाठता येणारी. गिरण्या बंद पडल्या, चाळींचे टॉवर झाले, तरी ही मंडळे टिकली, कारण रंगमंच टिकला होता. (तिथल्या खुर्च्या मात्र कधीच आरामशीर नव्हत्या, हेही कबूल.)

जुनी इमारत पाडू नका, असा हट्ट आम्ही धरणार नाही. प्रश्न नव्या वास्तूत आसने किती, विंगेत जागा किती आणि मुख्य म्हणजे भाडे किती, हा आहे. वातानुकूलित नाट्यगृह मिळाले आणि गावमंडळाला त्याची तारीखच परवडली नाही, तर ते परळचे कसले? हे आकडे लेखी जाहीर व्हावेत, तेही काम पूर्ण होण्याआधी.